अमेरिकी सरकारी विद्यापीठांतील फुटबॉल प्रशिक्षकांचे वेतन : मर्यादेची मागणी आणि कायद्याची अडचण

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी कर्मचारी हा गव्हर्नर, सरन्यायाधीश किंवा विद्यापीठाचा अध्यक्ष नसतो. तो राज्याच्या विद्यापीठातील फुटबॉल अथवा बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक असतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे वार्षिक वेतन ४ लाख डॉलर आहे. जॉर्जिया विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांच्याशी २०२४ मध्ये झालेल्या सुधारित करारानुसार त्यांचे वार्षिक मानधन सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या वेतनाच्या तीसपटींहून अधिक ठरले. सार्वजनिक संस्थेतील वेतनाला काही मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न त्यामुळे अमेरिकेत वारंवार उपस्थित होतो. २०२५ मध्ये काही विद्यापीठांनी प्रशिक्षकांना करार संपण्याआधीच दूर केले आणि त्यांच्यासमोर कोट्यवधी डॉलरच्या भरपाईचे दायित्व उभे राहिले, तेव्हा हा वाद अधिक तीव्र झाला.

येथे ‘फुटबॉल’ म्हणजे लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल होय. भारतात विद्यापीठीय शारीरिक शिक्षण संचालकांचे वेतन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीनुसार ठरते. अमेरिकेत मात्र प्रत्येक विद्यापीठ आपल्या प्रशिक्षकाशी स्वतंत्र करार करते आणि त्या करारातील रकमेवर देशपातळीवर कोणतेही बंधन नाही.

वाढीचा इतिहास

प्रशिक्षकांच्या वेतनावरील टीका नवी नाही. हार्वर्ड या खासगी विद्यापीठाने १९०५ मध्ये बिल रीड यांना ७,००० डॉलर वार्षिक मोबदल्यावर नियुक्त केले, तेव्हा ही रक्कम विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या वेतनाच्या जवळपास पोहोचली होती. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने महाविद्यालयीन क्रीडाप्रकारांवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वाढते व्यापारीकरण आणि वेतनी प्रशिक्षकांचे वर्चस्व यांवर बोट ठेवण्यात आले होते. शिकागो विद्यापीठाने तर १९३९ मध्ये अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत आपला फुटबॉल संघच बंद केला.

आधुनिक वाढीची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने १९८२ मध्ये जॅकी शेरिल यांच्याशी सहा वर्षांसाठी सुमारे १७ लाख डॉलरचा करार केला, तेव्हा देशभर आश्चर्य व्यक्त झाले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. महाविद्यालयीन क्रीडा संघटना ‘एनसीएए’ हिचे दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील केंद्रीय नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे आहे, असे न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरविले. प्रक्षेपणहक्क विकण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि त्यांच्या विभागीय गटांकडे, म्हणजे ‘कॉन्फरन्स’कडे आला आणि पैशाचा ओघ सुरू झाला.

या ओघाचे आजचे प्रमाण मोठे आहे. ‘बिग टेन’ या गटाने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी केलेला सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. राष्ट्रीय विजेतेपद ठरविणाऱ्या ‘कॉलेज फुटबॉल प्लेऑफ’ स्पर्धेत २०२४ पासून चारऐवजी बारा संघ खेळू लागले.

अलाबामा विद्यापीठाने २००७ मध्ये निक सेबन यांना आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलर देऊ केले, तेव्हा वर्षाला ४० लाख डॉलर ही रक्कम अवाजवी मानली गेली. सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले, तोवर त्यांचे वार्षिक मानधन १ कोटी १० लाख डॉलरच्या पुढे गेले होते. सुमारे १७ वर्षांत ही रक्कम पावणेतीन पटींवर गेली.

पैसा येतो कोठून

मोठ्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकाला मिळणारा मोबदला सहसा एकाच खात्यातून येत नाही. राज्याच्या कर्मचाऱ्याला लागू होणारे मूळ वेतन तुलनेने लहान असते. उरलेली रक्कम दूरचित्रवाणी व आकाशवाणीवरील सहभाग, क्रीडासाहित्य कंपन्यांशी असलेले करार आणि जाहीर उपस्थिती अशा शीर्षकांखाली दिली जाते. तिचा भार क्रीडा विभागाचे उत्पन्न किंवा माजी विद्यार्थी व धनाढ्य समर्थकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या स्वतंत्र संस्था उचलतात. म्हणूनच ‘करदात्याचा एक डॉलरही खर्च होत नाही’ असा दावा विद्यापीठे करतात.

हा दावा अंशतः खरा आहे. फुटबॉलच्या बळावर स्वयंपूर्ण असलेले क्रीडा विभाग मोजक्या मोठ्या विद्यापीठांतच आहेत. दुसऱ्या फळीतील अनेक सरकारी विद्यापीठांत क्रीडा विभागाची तूट विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या शुल्कातून आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून भरून काढली जाते. शिवाय देणग्यांना मिळणारी करसवलत हीसुद्धा अप्रत्यक्ष सार्वजनिक मदतच ठरते. सामन्यांची तिकिटे विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर पूर्वी करवजावट मिळत असे. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने ती रद्द केली.

नोकरी गेल्यावरचे मानधन

वार्षिक वेतनापेक्षाही अधिक रोष ‘बायआउट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भरपाईवर आहे. करार संपण्याआधी आणि गैरवर्तनाचे कारण नसताना प्रशिक्षकाला काढल्यास उरलेल्या वर्षांच्या मानधनाचा मोठा भाग विद्यापीठाला द्यावा लागतो. खेळाडूंची निवड करताना प्रशिक्षक दीर्घकाळ राहणार असल्याचे दाखविणे विद्यापीठांना सोयीचे असते; त्यामुळे आठ-दहा वर्षांचे हमीचे करार रूढ झाले.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना दूर केले, तेव्हा त्यांना देय असलेली रक्कम ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास होती. त्यांच्याशी २०१७ मध्ये दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरचा करार झाला होता आणि २०२१ मध्ये तो वाढविण्यात आला होता. फिशर यांना दुसरीकडे काम मिळाले तरी ही रक्कम कमी होणार नव्हती, कारण करारात तशी वजावटीची तरतूदच नव्हती.

लुइझियाना स्टेट विद्यापीठाने २०२१ मध्ये ब्रायन केली यांना दहा वर्षांसाठी सुमारे साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर आणले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, करार अर्ध्यावरही पोहोचला नसताना, त्यांना पदावरून दूर केले. भरपाईची रक्कम सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर होती. राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी करारपद्धतीवर जाहीर टीका केली आणि नवा प्रशिक्षक निवडण्याचे काम क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड यांच्याकडे राहणार नसल्याचे सांगितले. काही दिवसांतच वुडवर्ड यांनी पद सोडले. टेक्सास ए अँड एममध्ये २०१७ साली फिशर यांची नियुक्ती झाली, तेव्हा तेथील क्रीडा संचालकही तेच होते. भरपाईचा वाद न्यायालयात गेल्यावर विद्यापीठाने केली यांना विनाकारण दूर केल्याचे मान्य केले. त्यानंतर विद्यापीठाने लेन किफिन यांना वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर देऊन आणले. टीका करणाऱ्या राज्यातच नव्या प्रशिक्षकाचा भाव जुन्यापेक्षा वर गेला.

याच काळात पेन स्टेट विद्यापीठाने जेम्स फ्रँकलिन यांना दूर केले. त्यांना देय भरपाई सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर होती. मात्र ते लवकरच व्हर्जिनिया टेकमध्ये रुजू झाले आणि तडजोडीने ही रक्कम ९० लाख डॉलरवर आली. नव्या नोकरीचे उत्पन्न जुन्या भरपाईतून वजा करण्याची अट किती मोलाची असते, हे फिशर आणि फ्रँकलिन यांच्या प्रकरणांतील फरकावरून दिसते.

मर्यादा का घातली जात नाही

सर्व विद्यापीठांनी एकत्र बसून प्रशिक्षकांच्या वेतनाची कमाल रक्कम ठरविणे हा वरवर पाहता सोपा उपाय आहे. तो एकदा करून झाला आहे आणि न्यायालयात टिकलेला नाही.

खर्च आटोक्यात आणण्यासाठी एनसीएएच्या सदस्यांनी १९९१ मध्ये एक नियम संमत केला. प्रथम श्रेणीतील बास्केटबॉल संघांच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कनिष्ठ प्रशिक्षकाला वर्षाला १६ हजार डॉलरहून अधिक देता येणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. यापैकी १२ हजार शैक्षणिक वर्षासाठी आणि ४ हजार उन्हाळ्यासाठी होते. नवोदितांना संधी मिळावी, खर्च कमी व्हावा आणि संघांत समतोल राहावा, अशी त्यामागची कारणे सांगण्यात आली.

बाधित प्रशिक्षकांनी कॅन्सासच्या संघराज्य न्यायालयात दाद मागितली. ‘लॉ विरुद्ध एनसीएए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९९५ मध्ये नियम बेकायदा ठरला आणि १९९८ मध्ये दहाव्या विभागीय अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. स्पर्धकांनी संगनमताने श्रमाची किंमत ठरविणे हा १८९० च्या शर्मन कायद्याचा भंग आहे आणि केवळ खर्चात बचत होते म्हणून असे संगनमत समर्थनीय ठरत नाही, हा या निकालाचा गाभा आहे. ज्युरीने १९९८ मध्ये ठरविलेली सुमारे सव्वादोन कोटी डॉलरची भरपाई मक्तेदारीविरोधी कायद्यातील तरतुदीनुसार तिप्पट झाली. अखेर १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. बचतीसाठी आखलेला नियम एनसीएएला कोट्यवधींना पडला. तेव्हापासून सामूहिक वेतनमर्यादेचा विषय संघटनेने पुन्हा हाती घेतलेला नाही.

व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, १९९४ पासून संघाच्या एकूण खेळाडू-वेतनावर मर्यादा आहे. ती कायदेशीर ठरते, कारण ती खेळाडूंच्या कामगार संघटनेशी झालेल्या सामूहिक करारातून आली आहे. महाविद्यालयीन प्रशिक्षकांची तशी संघटना नाही आणि स्वतःचे वेतन कमी करून घेण्यासाठी ते ती स्थापन करतील, अशी शक्यताही नाही. एनएफएलमध्येही प्रशिक्षकांच्या मानधनाला मर्यादा नाही.

राज्ये काय करू शकतात

एखाद्या राज्याच्या विधिमंडळाने आपल्या विद्यापीठांपुरती मर्यादा घातल्यास मक्तेदारीविरोधी कायदा आड येत नाही. राज्याने सार्वभौम अधिकारात घेतलेले निर्णय या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये ‘पार्कर विरुद्ध ब्राउन’ खटल्यात स्पष्ट केले आहे. मिसिसिपी राज्यात विद्यापीठांना चार वर्षांहून अधिक मुदतीचा करार करता येत नाही, हे अशा बंधनाचे प्रचलित उदाहरण आहे. ही मर्यादा मुदतीची आहे, रकमेची नाही.

खरी अडचण राजकीय आहे. एका राज्याने वेतन गोठविले, तर त्याचा प्रशिक्षक शेजारच्या राज्यात जाईल, आणि स्वतःच्या मतदारांचा संघ हरावा असे कोणत्याही आमदाराला वाटत नाही. सर्व राज्यांनी एकत्र करार करावा, तर राज्यघटनेनुसार अशा आंतरराज्य करारांना काँग्रेसची संमती लागू शकते. त्यातही नोटर डेम किंवा सदर्न कॅलिफोर्नियासारखी खासगी विद्यापीठे राज्यांच्या वेतननियमांबाहेर राहतील.

काँग्रेसपुढील मार्ग

त्यामुळे सर्व संघांना लागू होईल अशी मर्यादा घालण्याचा व्यवहार्य मार्ग काँग्रेसमधूनच जातो. तेथे दोन प्रकारचे उपाय चर्चेत आहेत.

पहिला कराचा. २०१७ च्या कायद्यानुसार करमुक्त संस्थेने सर्वाधिक वेतनाच्या पाच कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही १० लाख डॉलरहून अधिक दिल्यास वरच्या रकमेवर संस्थेला २१ टक्के कर भरावा लागतो. २०२५ च्या करकायद्याने पाच जणांची अट काढून २०२६ पासून ही तरतूद सर्व कर्मचाऱ्यांना लागू केली. मात्र अनेक सरकारी विद्यापीठे स्वतःला स्वतंत्र करमुक्त संस्था न मानता राज्यशासनाचा अविभाज्य भाग मानतात. त्यामुळे ज्या विद्यापीठांमुळे हा वाद उद्भवतो, त्यांतील काही या कराच्या व्याख्येतून निसटतात.

दुसरा उपाय थेट मर्यादेचा. वॉशिंग्टन राज्यातील रिपब्लिकन प्रतिनिधी मायकेल बॉमगार्टनर यांनी २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात प्रशिक्षकाचे मानधन त्या विद्यापीठातील विद्यार्थ्याच्या वार्षिक खर्चाच्या दहापटीपुरते ठेवावे, असे सुचविले आहे. एखाद्या विद्यापीठात शुल्क, निवास व भोजन धरून हा खर्च ३० हजार डॉलर असेल, तर तेथील कमाल मानधन ३ लाख डॉलर होईल. आजच्या आघाडीच्या मानधनाच्या तुलनेत ही घट ९७ टक्क्यांहून अधिक ठरते. या हिशेबात जास्त शुल्क घेणाऱ्या खासगी विद्यापीठांना अधिक मुभा मिळते, ही त्यातील एक विसंगती आहे.

स्मिथ कॉलेजचे अर्थतज्ज्ञ अँड्र्यू झिम्बलिस्ट यांच्यासारखे अभ्यासक प्रशिक्षकांच्या वेतनापुरती मक्तेदारीविरोधी कायद्यातून मर्यादित सूट द्यावी, असे अनेक वर्षे सुचवीत आले आहेत.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

मर्यादेच्या समर्थकांच्या मते या वेतनाला खुल्या बाजाराचा भाव म्हणणे फसवे आहे. क्रीडा विभागांना भागधारक नाहीत. नफा वाटण्याची सोय नसल्याने जमा झालेला पैसा प्रशिक्षक, प्रशासक आणि बांधकामे यांवरच खर्च होतो. त्यातच दीर्घकाळ खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला देण्यास बंदी होती. खेळाडूंच्या श्रमातून निर्माण झालेले मूल्य त्यामुळे प्रशिक्षकांच्या वाट्याला गेले. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ खटल्यात खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील बंधने एकमताने बेकायदा ठरविली, तेव्हा आघाडीच्या प्रशिक्षकांचे मानधन १ कोटी १० लाख डॉलरच्या जवळ पोहोचल्याची नोंद निकालपत्रातच केली होती.

विरोधकांचा मुद्दा उत्पन्नाचा आहे. यशस्वी प्रशिक्षक विद्यापीठाला त्याच्या मानधनाच्या कितीतरी पट मिळवून देतो, असे ते सांगतात. अलाबामाचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. सेबन यांच्या काळात संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली आणि विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या सुमारे २५ हजारांवरून ३८ हजारांच्या पुढे गेली. वाढलेल्यांत अधिक शुल्क भरणारे परराज्यांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. फुटबॉलच्या उत्पन्नावर जलतरण, कुस्ती आणि महिलांचे अनेक संघ चालतात, हाही मुद्दा मांडला जातो. मर्यादा घातल्यास नामवंत प्रशिक्षक एनएफएलकडे वळतील किंवा तोच पैसा घर, विमानप्रवास आणि खासगी जाहिरात करारांच्या रूपाने दिला जाईल, अशी शंकाही ते घेतात.

या युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की एका हंगामात जिंकणारा संघ असतो, तसा हरणाराही असतो. सर्वांनी वेतन वाढविले तरी विजयांची एकूण संख्या वाढत नाही. अलाबामाला मिळालेले यश तितकेच पैसे मोजणाऱ्या इतर अनेक विद्यापीठांना मिळालेले नाही.

खेळाडूंना मर्यादा, प्रशिक्षकांना नाही

‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातील तडजोडीस न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजुरी दिल्यापासून या वादाला नवे वळण मिळाले आहे. माजी खेळाडूंना सुमारे २ अब्ज ८० कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत देण्याबरोबरच, विद्यापीठांना प्रथमच खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा या तडजोडीने दिली. मात्र २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सर्व क्रीडाप्रकारांतील खेळाडूंवर मिळून कमाल २ कोटी ५ लाख डॉलरच खर्च करता येतात.

याचा अर्थ, शेकडो खेळाडूंच्या एकत्रित मोबदल्याला आज कमाल रक्कम आहे, तर त्या रकमेच्या निम्म्याहून अधिक मानधन एकटा प्रशिक्षक घेऊ शकतो आणि त्याला कोणतीही मर्यादा नाही. खेळाडूंची मर्यादा वर्गखटल्यातील तडजोडीतून, म्हणजे न्यायालयाच्या संमतीने आली. प्रशिक्षकांबाबत असा मार्ग उपलब्ध नाही. दुसरीकडे, खेळाडूंसाठी पैसा उभा करावा लागत असल्याने विद्यापीठे अन्य क्रीडाप्रकारांत कपात आणि तिकिटांच्या दरांत वाढ असे पर्याय शोधू लागली आहेत. प्रशिक्षकांच्या वेतनाचा प्रश्न त्यामुळे तत्त्वापुरता न राहता अंदाजपत्रकाचा झाला आहे.

कायद्याविना शक्य असलेले उपाय

संपूर्ण मर्यादा दूर असली, तरी विद्यापीठाच्या नियामक मंडळाला स्वतःहून करता येण्याजोग्या गोष्टी बऱ्याच आहेत. कराराची मुदत चार-पाच वर्षांवर आणणे, भरपाई एक किंवा दोन वर्षांच्या मानधनापुरती ठेवणे, नव्या नोकरीचे उत्पन्न भरपाईतून वजा करण्याची अट घालणे, मुदतवाढीवर मंडळाचे खुले मतदान घेणे आणि देणगीदार संस्थांकडून येणाऱ्या रकमेसह संपूर्ण करार जाहीर करणे, हे त्यांतील प्रमुख उपाय आहेत. प्रत्येक विद्यापीठाने ते स्वतंत्रपणे केल्यास संगनमताचा आरोप येत नाही. मात्र प्रतिस्पर्धी विद्यापीठ अधिक उदार करार घेऊन उभे असताना पहिले पाऊल कोणी टाकायचे, हा प्रश्न राहतोच. नामवंत प्रशिक्षकांचे प्रतिनिधी नेमक्या याच स्पर्धेच्या जोरावर वाटाघाटी करतात.

महत्त्वाचे टप्पे

१९२९ : कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालात महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या व्यापारीकरणावर टीका.

१९८४ : प्रक्षेपणहक्कांवरील एनसीएएचे नियंत्रण सर्वोच्च न्यायालयाकडून बेकायदा.

१९९१ : बास्केटबॉलच्या कनिष्ठ प्रशिक्षकांसाठी १६ हजार डॉलरची मर्यादा संमत.

१९९८ : ‘लॉ विरुद्ध एनसीएए’ खटल्यात अपील न्यायालयाचा प्रशिक्षकांच्या बाजूने निकाल.

२०१७ : करमुक्त संस्थांतील १० लाख डॉलरवरील वेतनावर २१ टक्के कर.

२०२१ : ‘ऑल्स्टन’ निकाल, खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांवर उत्पन्न मिळविण्याची मुभा.

२०२३ : फिशर यांची बडतर्फी; सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई.

२०२५ : ‘हाउस’ तडजोडीस मंजुरी, खेळाडूंच्या मोबदल्यावर वार्षिक मर्यादा, प्रशिक्षकांच्या मानधनावर मर्यादा घालणारा प्रस्ताव काँग्रेसमध्ये सादर.